एक शहर, दोन बिशप

धर्मसंस्थेत भांडण झाले म्हणजे ऐकणाऱ्याच्या मनात प्रथम उपहास उत्पन्न होतो. जे लोक दर रविवारी क्षमेचा उपदेश ऐकतात, तेच चर्चच्या किल्ल्यांसाठी न्यायालयाच्या पायऱ्या चढतात, हे पाहून बाहेरचे लोक हसतात आणि आतले लोक खाली मान घालतात. परंतु हसण्याने किंवा लाजण्याने कोणत्याही वादाचा उलगडा होत नाही. शिवाय मठाच्या गादीचा वाद, देवस्थानच्या वहिवाटीचा वाद, संस्थेच्या विश्वस्तांचा वाद हे प्रकार मराठी माणसाला अपरिचित आहेत असेही नाही. जेथे श्रद्धा, मालमत्ता आणि अधिकार या तीन गोष्टी एका छपराखाली नांदतात, तेथे पुढारी कोण हा प्रश्न केव्हा ना केव्हा उभा राहतोच. तेव्हा ख्रिस्तमंडळीतील नेतृत्वाचे वाद हे परक्याच्या घरातील भांडण समजण्याचे कारण नाही. असा वाद कसा उत्पन्न होतो, का चिघळतो आणि अखेर कशाने मिटतो, हे पाहावयाचे असेल तर त्यासाठी रोमला जाण्याची गरज नाही. मुंबई शहराचा इतिहास पुरेसा आहे. या शहरात १७९४ पासून १९२८ पर्यंत, म्हणजे एकशे चौतीस वर्षे, एकाच श्रद्धेच्या आणि एकाच पंथाच्या कॅथलिक लोकांवर दोन निरनिराळ्या धर्माधिकाऱ्यांची सत्ता चालत होती.

मुंबईची हकीकत सांगण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. नेतृत्वाचा वाद हा ख्रिस्ती धर्माला उतारवयात जडलेला रोग नव्हे. तो त्या धर्माच्या बाल्यावस्थेतच दिसतो, आणि बायबलने तो झाकून ठेवलेला नाही. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात येरुशलेममधील पहिल्या मंडळीची हकीकत आहे. त्या मंडळीत ग्रीक बोलणारे यहूदी होते आणि स्थानिक इब्री यहूदीही होते. रोजच्या अन्नवाटपात आपल्या विधवांकडे दुर्लक्ष होते, अशी ग्रीक बोलणाऱ्यांची तक्रार होती. बारा प्रेषितांनी तक्रार करणाऱ्यांना बंडखोर ठरविले नाही. त्यांनी सगळ्या मंडळीला एकत्र बोलाविले, विश्वासातील सात माणसे निवडावयास सांगितले आणि वाटपाचे काम त्यांच्या स्वाधीन केले. निवडलेल्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती, त्यांच्याच माणसांच्या हाती व्यवस्था सोपविली गेली असावी, असे त्यावरून दिसते. अधिकार वाटून दिल्याने प्रेषितांचा मान कमी झाला नाही. उलट मंडळी वाढली, असे तो ग्रंथ सांगतो.

त्याच पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात याहून मोठा वाद आला आहे. यहूदी नसलेल्या ख्रिस्ती लोकांनी सुंता करून घेतली पाहिजे की नाही, या प्रश्नावर अंत्युखियाच्या मंडळीत फूट पडण्याची वेळ आली होती. पौल आणि बर्णबा यांनी तो प्रश्न येरुशलेमच्या सभेपुढे नेला. तेथे पुष्कळ वादविवाद झाला. पेत्र बोलला, पौल व बर्णबा यांचे म्हणणे ऐकून घेण्यात आले आणि शेवटी याकोबाने निर्णय सुचविला. तो निर्णय लेखी स्वरूपात पाठविला गेला, आणि पत्राबरोबर दोन विश्वासू माणसेही धाडण्यात आली, की त्यांनी तोंडीही खुलासा करावा. विशेष म्हणजे इतका मोठा वाद मिटविणारे पौल आणि बर्णबा हेच लगोलग मार्कास प्रवासात सोबत घ्यावे की नाही या लहानशा प्रश्नावर एकमेकांपासून दूर झाले. तत्त्वाचा वाद सभेत मिटला; माणसांचा वाद मिटला नाही. पुढे मात्र पौलाच्या नावाने असलेल्या एका पत्रात मार्कास घेऊन ये, तो सेवेसाठी उपयोगी आहे, अशा आशयाचा मजकूर आढळतो. म्हणजे तो दुरावाही कायमचा राहिला नाही. पण तो जाण्यास काळ लागला.

आता मुंबईकडे वळू. सोळाव्या शतकात पूर्वेकडील देशांत ख्रिस्ती धर्माचा जो प्रसार झाला, तो बहुतांशी पोर्तुगालच्या राजाच्या आश्रयाने झाला. पोपने त्या राजास एक विशेष हक्क दिला होता. त्यास पोर्तुगीज भाषेत ‘पाद्रोआदो’ म्हणत. पूर्वेकडील चर्चे बांधावयाची, धर्मगुरूंचा खर्च चालवावयाचा, हे राजाचे कर्तव्य. आणि त्या बदल्यात बिशप कोणास करावे याची शिफारस करण्याचा अधिकार राजाचा. १५३४ मध्ये गोव्याचे बिशपपद स्थापन झाले, आणि पुढे गोव्याच्या आर्चबिशपांची सत्ता अफाट प्रदेशावर मानली जाऊ लागली. परंतु राजाचे हात सर्वत्र पोहोचत नव्हते. म्हणून १६२२ मध्ये रोममध्ये धर्मप्रसारासाठी एक स्वतंत्र खाते स्थापन झाले. ‘प्रोपगांडा’ या नावाने ते ओळखले जाई. या खात्याने पोपचे प्रतिनिधी म्हणून निरनिराळ्या देशांत धर्माधिकारी पाठविण्यास प्रारंभ केला. त्यांना ‘व्हिकार अपोस्तोलिक’ म्हणत. त्यांचा दर्जा बिशपचा, पण ते पोर्तुगालच्या राजास नव्हे, थेट रोमला जबाबदार असत.

अशा प्रकारे वादाचे बी पडले. दोन्ही पक्षांच्या हाती पोपचेच शब्द होते. एकाजवळ जुनी सनद होती, दुसऱ्याजवळ नवी आज्ञा होती. या नव्या व्यवस्थेतील एक आरंभीचा अधिकारी भारतीय होता, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. गोव्यातील दिवाडी बेटावर ब्राह्मण कुळात जन्मलेले मातेउस दे कास्त्रो यांना गोव्यात धर्मगुरुपद मिळेना, म्हणून ते रोमला गेले. तेथे धर्मगुरू झाले आणि १६३७ मध्ये विजापूरच्या आदिलशाही मुलखासाठी व्हिकार अपोस्तोलिक म्हणून नेमले गेले. ते परत आले तेव्हा गोव्याच्या आर्चबिशपांनी त्यांचा अधिकार मानला नाही. पुढील तीनशे वर्षांच्या झगड्याची ही नांदी होती. ज्या अधिकारक्षेत्राचे हे बीज होते, त्यातूनच पुढे मुंबईच्या व्हिकार अपोस्तोलिकांचे पद उत्पन्न झाले.

मुंबईचे बेट १६६१ च्या विवाहाच्या तहाने पोर्तुगीजांनी इंग्लंडच्या राजास आंदण दिले, आणि १६६८ मध्ये ते ईस्ट इंडिया कंपनीकडे आले. बेटावरील कॅथलिक रयतेचे धर्मगुरू मात्र पोर्तुगीज फ्रान्सिस्कन होते, आणि त्यांची निष्ठा गोव्याकडे होती. कंपनीला याची धास्ती वाटे. आपल्या रयतेची मने परक्या राजाच्या माणसांच्या हाती असू नयेत, या राजकीय विचाराने १७२० मध्ये मुंबईच्या गव्हर्नराने फ्रान्सिस्कनांना बेट सोडावयास लावले आणि प्रोपगांडाच्या कार्मेलाइट धर्मगुरूंना बोलाविले. इकडे साष्टी आणि वसई येथे पोर्तुगीज सत्ता चालूच होती. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली, तेव्हा तहाने ख्रिस्ती रयतेस काही चर्चे राखण्याची मुभा मिळाली. मराठ्यांच्या राज्यातही तेथील ख्रिस्ती लोकांचा आध्यात्मिक संबंध गोव्याशीच राहिला. अशा रीतीने माहीमच्या खाडीच्या एका तीरावर एक धर्माधिकारी आणि दुसऱ्या तीरावर दुसरा, अशी स्थिती झाली. मात्र दोन्ही तीरांवरची माणसे एकमेकांची सोयरी होती.

मुंबईतील गोवा पक्षाच्या लोकांनी कंपनीकडे अर्जामागून अर्ज केले. १७८९ मध्ये कंपनीने बेटावरील चर्चे गोव्याच्या आर्चबिशपांकडे परत दिली. तेव्हा दुसऱ्या पक्षाने अर्ज केले, आणि थोड्याच काळात हुकूम पुन्हा फिरला. शेवटी या कटकटीला कंटाळून सरकारने १७९४ मध्ये वाटणी केली. बेटावरील चार मुख्य चर्चांपैकी दोन गोव्याच्या पक्षास आणि दोन प्रोपगांडाच्या पक्षास देण्यात आली. दोन भावांत घर वाटून द्यावे तसा हा व्यवहार झाला. भांडणाचा आवाज काही काळ कमी झाला. परंतु घर दोन झाले ते झालेच. एकाच रस्त्यावरील शेजारी निरनिराळ्या बिशपांची आज्ञा मानू लागले. लग्न कोठे लावावयाचे, मूठमाती कोणी द्यावयाची, कोणाच्या परवानगीने प्रवचन करावयाचे, अशा प्रत्येक गोष्टीत अधिकाराचा प्रश्न येऊ लागला.

या वादात एक विलक्षण विसंगती होती. ती लक्षात घेतल्यावाचून लोक इतक्या त्वेषाने का भांडले हे कळत नाही. पोर्तुगीज राजाचा पक्ष म्हणजे परकीयांचा पक्ष आणि रोमचा पक्ष म्हणजे रयतेचा पक्ष, अशी विभागणी येथे नव्हती. पोर्तुगालच्या राजाचा हक्क सांगणाऱ्या पक्षातील धर्मगुरू बहुतेक गोव्याचे, म्हणजे एतद्देशीय होते. उलट प्रोपगांडाचे बिशप इटालियन, स्विस अशा युरोपीय देशांतून येत. वाद करणाऱ्या सामान्य माणसाच्या मनात सनदा आणि आज्ञापत्रे नव्हती. आपल्या आजोबांना ज्याने बाप्तिस्मा दिला, त्याच परंपरेचा, आपली भाषा जाणणारा धर्मगुरू आपल्याला पाहिजे, ही त्याची भावना होती. दुसऱ्या बाजूच्या माणसास वाटे, की आपण कॅथलिक आहो ते पोपमुळे. पोपने पाठविलेल्या बिशपास न मानणे म्हणजे श्रद्धेचाच त्याग होय. दोन्ही भावना प्रामाणिक होत्या, आणि म्हणूनच वाद कडवट झाला. अप्रामाणिक माणसे सौदा करून मोकळी होतात. प्रामाणिक माणसांना माघार घेणे म्हणजे पाप वाटते.

पुढे पोर्तुगालमध्येच राज्यक्रांती झाली. १८३४ मध्ये तेथील सरकारने धार्मिक संघ बंद केले आणि रोमशी संबंध तोडले. तेव्हा पोप सोळावे ग्रेगरी यांनी १८३८ मध्ये एक आज्ञापत्र काढून भारतातील पाद्रोआदोचा अधिकार बराचसा काढून घेतला. कागदावर वाद संपला. प्रत्यक्षात तो पेटला. गोव्याच्या पक्षाने म्हटले, की राजाच्या संमतीवाचून निघालेले आज्ञापत्र आम्हांस लागू नाही. एका पक्षाने दुसऱ्यास धर्मभेदी म्हटले, दुसऱ्याने पहिल्यास लुटारू म्हटले. चर्चांच्या ताब्यासाठी दावे झाले आणि दंगेही झाले.

या कडवटपणाचा कळस १८५३ मध्ये माहीम येथे झाला. त्या वेळी मुंबईचे व्हिकार अपोस्तोलिक अनास्तासियस हार्टमन नावाचे स्वित्झर्लंडचे कापुचिन साधू होते. ते विद्वान आणि आचरणाने कडक होते. माहीमचे सेंट मायकेल चर्च गोव्याच्या पक्षाकडे जाण्याचा प्रसंग आला, तेव्हा त्यांनी आत जाऊन दारे लावून घेतली आणि प्राण गेला तरी चर्च सोडणार नाही असे जाहीर केले. प्रतिपक्षाच्या लोकांनी चर्चला वेढा दिला. पंधरा दिवस एक बिशप आपल्याच धर्माच्या लोकांच्या वेढ्यात अडकून पडला होता. अखेर सरकारी अधिकाऱ्यांनी मध्यस्थी करून दारे उघडविली आणि चर्च गोव्याच्या पक्षाकडे गेले. आज बुधवारच्या नोव्हेनासाठी ज्या माहीमच्या चर्चमध्ये सर्व धर्मांच्या लोकांची रीघ लागते, तेच हे चर्च होय. तेथे मेणबत्ती लावणाऱ्या किती जणांना हा वेढा ठाऊक असेल? ज्या भांडणासाठी माणसे जीव द्यावयास निघाली होती, ते आज कोणाच्या आठवणीतही नाही. परंतु एवढ्यावरून ते क्षुल्लक होते असे म्हणता येत नाही. ते मिटले म्हणूनच ते विसरता आले.

ते मिटले कसे, हाच खरा प्रश्न आहे. ते एका दिवसात मिटले नाही. तीन पायऱ्यांनी मिटले. पहिली पायरी १८८६ ची. पोप तेरावे लिओ आणि पोर्तुगाल यांच्यात करार झाला. मुंबईस आर्चबिशपपद मिळाले, आणि गोव्याच्या पक्षाच्या चर्चांसाठी दमणचा स्वतंत्र धर्मप्रांत स्थापन झाला. यात दुहेरी सत्ता नाहीशी झाली नाही. मुंबईतील काही चर्चे दमणच्या बिशपांकडेच राहिली. परंतु कोणाचे काय, हे दोघांनाही मान्य होईल अशा शब्दांत प्रथमच लिहिले गेले. पूर्वी प्रत्येक पक्ष दुसऱ्याचे अस्तित्वच नाकारीत असे; आता निदान दोघांनी एकमेकांस ओळखले. समेटाचा आरंभ एकीने होत नाही, तो ओळखीने होतो.

दुसरी पायरी १९२८ ची. त्या वर्षी रोम आणि पोर्तुगाल यांच्यात नवा करार होऊन दमणचा धर्मप्रांत मुंबईत विलीन झाला. मुंबईची दुहेरी सत्ता संपली. परंतु विलीन होणाऱ्या पक्षास आपण हरलो असे वाटू नये, यासाठी एक तोड काढण्यात आली: मुंबईचा आर्चबिशप आळीपाळीने एकदा पोर्तुगीज आणि एकदा ब्रिटिश असावा. त्याप्रमाणे प्रथम पोर्तुगीज आर्चबिशप झ्वाकिम लिमा आले, आणि १९३७ मध्ये इंग्रज जेझुइट टॉमस रॉबर्ट्स आले. ही तोड तत्त्वतः फारशी चांगली नव्हती. बिशपची निवड त्याच्या राष्ट्रावरून करणे हे धर्मास शोभणारे नाही. आणि ज्या लोकांवर तो नेमावयाचा, ते हिंदी लोक तर या पाळीत कोठेच नव्हते. पण तडजोड ही अंतिम न्याय नसते. ती एक पूल असते. त्यावर घर बांधावयाचे नसते, त्यावरून पलीकडे जावयाचे असते.

पलीकडे जाण्याची तिसरी पायरी एका माणसाने पदाचा मोह सोडल्यामुळे गाठता आली. आर्चबिशप रॉबर्ट्स यांनी ओळखले, की स्वतंत्र होऊ घातलेल्या देशात आपल्यामागून एखादा पोर्तुगीज आर्चबिशप येणे हे योग्य नाही, आणि आपण इंग्रज असून या पदावर राहणे हेही योग्य नाही. १९४६ मध्ये व्हॅलेरियन ग्रेशस यांची त्यांचे साहाय्यक बिशप म्हणून नेमणूक झाली. त्यानंतर रॉबर्ट्स यांनी मुंबई सोडली आणि सर्व कारभार ग्रेशस यांच्यावर सोपविला. ते चार वर्षे नावाचे आर्चबिशप राहिले, पण जागा त्यांनी रिकामी केली होती. १९५० मध्ये पोर्तुगालने आपला हक्क सोडला, रॉबर्ट्स यांनी पदाचा राजीनामा दिला आणि ग्रेशस हे मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले. १९५३ मध्ये ते कार्डिनल झाले; हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय होत. १९६४ मध्ये मुंबईत जी आंतरराष्ट्रीय युखरिस्त परिषद भरली आणि जिच्यासाठी पोप सहावे पॉल स्वतः आले, तिचे यजमानपद त्यांच्याकडे होते. शंभर वर्षांपूर्वी ज्या शहरात एका बिशपास आपल्याच लोकांनी कोंडले होते, त्या शहरात लक्षावधी लोक एका बिशपामागे उभे राहिले.

रॉबर्ट्स यांनी केलेली गोष्ट दिसावयास सोपी आहे. त्यांनी कोणावर विजय मिळविला नाही, कोणताही सिद्धान्त मांडला नाही. ते बाजूला झाले, एवढेच. परंतु नेतृत्वाच्या बहुतेक वादांत हीच गोष्ट कोणाकडून होत नाही. ज्याच्या हाती अधिकार असतो त्यास वाटते, की आपण गेलो तर संस्था बुडेल. ज्यास अधिकार हवा असतो त्यास वाटते, की हा गेल्यावाचून संस्था तरणार नाही. या दोन भीतींच्या कात्रीत संस्था सापडते. कॅथलिक मंडळीने आता यासाठी नियमच केला आहे. वयाची पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली, की बिशपाने आपला राजीनामा पोपपुढे ठेवावयाचा असतो. जे एखाद्या थोर मनाच्या माणसाच्या इच्छेवर अवलंबून होते, ते नियमात आणणे हा शहाणपणाचा मार्ग होय.

वाद न्यायालयाकडे नेला तर तो मिटत नाही काय, असा प्रश्न येथे कोणी विचारील. त्याचे उत्तर केरळातील मलंकर मंडळीच्या इतिहासात मिळते. प्रेषित थोमाची परंपरा सांगणाऱ्या या प्राचीन मंडळीत, अंत्युखियाच्या पेट्रिआर्कचा अधिकार केवढा आणि केरळातील कॅथोलिकोसांचा केवढा, या प्रश्नावरून १९१२ च्या सुमारास दोन पक्ष पडले. दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९५८ मध्ये निकाल लागला, आणि त्यानंतर दोन्ही पक्षांनी एकमेकांस मान्यताही दिली. परंतु १९७० नंतरच्या काही वर्षांत पुन्हा फूट पडली. १९९५ मध्ये पुन्हा निकाल झाला, आणि ३ जुलै २०१७ रोजी पुन्हा एकदा झाला. १९३४ च्या घटनेप्रमाणे चर्चांचा कारभार चालावा, असे न्यायालयाने सांगितले. त्यानंतरही अनेक गावांत चर्चचा ताबा देताना पोलीस उभे करावे लागले. मृताला आपल्याच कुळाच्या दफनभूमीत जागा मिळावी म्हणून २०२० मध्ये केरळ विधानसभेला एक कायदा करावा लागला. दफनासाठी कायदा लागावा, यापेक्षा अधिक दुःखाची गोष्ट धर्मसंस्थेच्या बाबतीत कोणती सांगावी?

यात न्यायालयाचा दोष नाही. न्यायालयाचे काम निकाल देण्याचे आहे, आणि जेथे पैशाची अफरातफर झाली असेल किंवा दुर्बलांवर अन्याय होत असेल, तेथे न्यायालयाकडे जाणे हे कर्तव्यच ठरते. अशा ठिकाणी समेटाच्या नावाखाली गप्प बसणे म्हणजे बलवानाची बाजू घेणे होय. परंतु निकाल आणि समेट या दोन निराळ्या गोष्टी आहेत. इमारत कोणाची, हे न्यायाधीश सांगू शकतो. त्या इमारतीत शेजारी शेजारी गुडघे टेकण्याची इच्छा तो निर्माण करू शकत नाही. निकालात एक जिंकतो आणि एक हरतो. जो हरतो तो घरी जाऊन आपल्या मुलांना ती हार सांगतो, आणि वाद एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे वारसाहक्काने जातो.

समेटाची दुसरी रीत महाराष्ट्रातच पाहावयास मिळाली. प्रोटेस्टंट मंडळ्यांत नेतृत्वाचा वाद निराळ्या प्रकारचा होता. काहींच्या मते बिशपाने मस्तकावर हात ठेवून दिलेली दीक्षा हीच खरी; काहींना बिशप हे पदच मान्य नव्हते, त्यांच्या मंडळ्यांचा कारभार वडीलजनांच्या सभेने चाले. हे सर्व एकत्र कसे यावेत? एकाने दुसऱ्याची दीक्षा अपुरी ठरवून त्यास नव्याने दीक्षा द्यावी, तर तो अपमान होय. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा मंडळ्यांनी एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ची स्थापना केली, तेव्हा या कोड्यातून एक सुंदर मार्ग काढण्यात आला. निरनिराळ्या मंडळ्यांच्या धर्मसेवकांनी परस्परांच्या मस्तकावर हात ठेवले. ज्याच्याजवळ जे आहे ते त्याने दुसऱ्यास द्यावे आणि ज्याचे जे उणे आहे ते दुसऱ्याकडून घ्यावे, असा त्याचा अर्थ होता. कोणाचे काय उणे, याची चर्चा करण्यात आली नाही. ती देवाकडे सोपविण्यात आली. या मार्गाने सर्व प्रश्न सुटले असे नव्हे. वाटाघाटीत असलेली एक मोठी मेथडिस्ट मंडळी ऐन वेळी बाहेर राहिली. परंतु प्रथम मस्तक कोणी लववावे, हा प्रश्न मात्र त्या दिवशी उरला नाही.

या सर्व हकीकतींवरून काही गोष्टी स्पष्ट होतात. पहिली ही, की नेतृत्वाचा वाद बहुधा दुष्ट माणसांमुळे उत्पन्न होत नाही. अधिकाराची सीमा संदिग्ध राहिल्यामुळे होतो. म्हणून प्रत्येक मंडळीची घटना लेखी असावी. पाळकाचे अधिकार कोणते, पंचांचे कोणते, मुदत किती, हिशेब कोण तपासील, हे शांततेच्या काळातच ठरलेले असावे. घर पेटल्यावर विहीर खणून भागत नाही. दुसरी ही, की तक्रार करणाऱ्यास शत्रू मानू नये. येरुशलेमच्या प्रेषितांनी तक्रार ऐकून अधिकार वाटून दिला, आणि मंडळी वाढली. तिसरी ही, की मध्यस्थ असा असावा की ज्यास त्या वादात काही मिळवावयाचे नाही. ईस्ट इंडिया कंपनीने केलेली वाटणी टिकली नाही. कारण तिला ख्रिस्ती लोकांच्या एकीपेक्षा आपल्या राज्याची काळजी अधिक होती. चौथी ही, की हरणाऱ्या पक्षाचा मान राखण्याची तरतूद केल्यावाचून कोणताही समेट टिकत नाही. आणि त्या तरतुदीत सामान्य उपासकास स्थान नसेल, तर तो समेट अपुराच राहतो.

एकी म्हणजे सर्व काही एका हाती असणे, असाही एक समज आहे. तोही बरोबर नाही. १९९८ मध्ये मुंबईच्या धर्मप्रांतातून वसईचा नवा धर्मप्रांत वेगळा करण्यात आला. ज्या वसईसाठी पूर्वी दोन सत्ता झगडत होत्या, ती शांतपणे स्वतंत्र झाली, आणि मराठी ही जिची धर्मभाषा आहे अशा समाजास आपला स्वतंत्र बिशप मिळाला. १७९४ मध्येही वाटणीच झाली होती आणि १९९८ मध्येही वाटणीच झाली. पहिली वाटणी संशयातून झाली होती, म्हणून तिने भिंत उभी केली. दुसरी विश्वासातून झाली, म्हणून तिने दार उघडले. तेव्हा प्रश्न एक बिशप असावा की दोन, हा नव्हेच. ज्यांच्यासाठी तो बिशप नेमला जातो, त्या लोकांचे हित कोणाच्या डोळ्यांपुढे आहे, हा खरा प्रश्न होय.

ख्रिस्ती परंपरेत पुढाऱ्यास मेंढपाळाची उपमा देतात. कळपापुढे दोन मेंढपाळ भांडू लागले, म्हणजे कळप कोणाच्या मालकीचा याचा निवाडा पंच करू शकतील. पण तोपर्यंत मेंढरे रानोमाळ होतात, हे विसरता कामा नये. मुंबईस हे कळावयास एकशे चौतीस वर्षे लागली. इतर ठिकाणी ते लवकर कळावे, एवढ्यासाठीच ही हकीकत लक्षात ठेवावयाची.